पेशीचा सांगाडा आणि प्रतिपिंडाचा कंदील

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मी भाषेचा शिक्षक असलो तरी आजचा विषय विज्ञानाचा आहे. तो आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो, म्हणून मुद्दाम निवडला.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. कुडाच्या घराला जसा बांबूचा, तसा पेशीला प्रथिनांच्या धाग्यांचा आधार असतो. कातडीच्या आणि तोंडातील अस्तराच्या पेशींत यातील बरेच धागे केराटिन नावाच्या प्रथिनाचे असतात. एका धाग्याची जाडी मिलिमीटरच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढी! शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसणे शक्य नाही.

मग शास्त्रज्ञ तो शोधतात कसा? परका पदार्थ अंगात शिरला की शरीर नेमका तोच पदार्थ ओळखणारी प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. १९४१ साली अमेरिकेतील अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडला. जत्रेच्या गर्दीत एकच चेहरा ओळखणाऱ्या माणसाच्या हाती कंदील द्यावा, तसे हे झाले. केराटिनचे प्रतिपिंड पेशींवर सोडतात, न चिकटलेले धुऊन टाकतात, आणि विशिष्ट प्रकाशात केराटिनचे जाळे तेवढे चकाकते. १९७५ साली कोहलर आणि मिलस्टाईन यांनी एकाच जातीचे शुद्ध प्रतिपिंड हवे तेवढे बनवण्याची रीत शोधली. त्याबद्दल १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

विद्यार्थी मित्रांनो, एक गोष्ट लक्षात ठेवा. संशोधक केराटिनचे प्रतिपिंड न घातलेली एक काचपट्टीही शेजारी ठेवतो. तीही चकाकली, तर पहिलीवरची चमक तो खरी मानत नाही. डोळ्यांना दिसले तरी पडताळून पाहायचे, ही विज्ञानाची शिस्त आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. नवी मुंबईत खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तेथील संशोधकांनी तोंडाच्या कर्करोगातील केराटिनचा अभ्यास केला आहे. गालाच्या निरोगी अस्तरात सहसा न दिसणारी केराटिन ८ आणि १८ ही प्रथिने कर्करोगाच्या पेशींत आढळतात. म्हणजे रोगात पेशीच्या घराचे वासेच बदलतात. आणि या रोगाला आमंत्रण कोण देते? तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेला खर्रा! राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खर्ऱ्याची पुडी अजून मुलांच्या खिशात सापडते.

पालकांनो, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तोंड पूर्वीसारखे उघडेना, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नका. दवाखाना गाठा. आणि मुलाच्या हातची पुडी सोडवायची असेल, तर आधी आपली टाका.

विद्यार्थी मित्रांनो, अशा प्रयोगशाळांत काम करणारे लोकही एके काळी तुमच्यासारखेच बाकांवर बसले होते. तेथे आपल्या जिल्ह्यातील मुले आणि मुलीही दिसाव्यात, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.