नामापासून विशेषण
(पिंपळे सौदागर येथे शिक्षकांपुढे केलेले भाषण)



ज्या गावी आपण जमलो आहो, त्याच्या नावातच आजचा पाठ आहे. 'सौदा' या शब्दास 'गर' हा फारसी प्रत्यय लागून 'सौदागर' झाला. 'जादू'पासून 'जादूगर' झाला. प्रत्यय मुलांना अपरिचित नाहीत. धूळ–धुळकट, काटा–काटेरी, केस–केसाळ असे शब्द ती शाळेत येण्यापूर्वीच बोलतात. सन २००० पासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली; तिचा पाठही येथूनच आरंभावा.

'डस्ट' म्हणजे धूळ, 'डस्टी' म्हणजे धुळकट. त्याचप्रमाणे 'सन'चे 'सनी' व 'मड'चे 'मडी' होते; मात्र या दोहोंत लिहिताना अंत्य व्यंजन दुप्पट होते, हे फळ्यावर दाखवावे. 'फुल' म्हणजे युक्त व 'लेस' म्हणजे रहित. 'केअरफुल' तो काळजी घेणारा, 'केअरलेस' तो निष्काळजी. आपण अभाव बहुधा शब्दाच्या आधी जोडतो, इंग्रजी येथे मागून जोडते. 'ली' दिसताच क्रियाविशेषण मानू नये. 'स्लो' या विशेषणापासून 'स्लोली' हे क्रियाविशेषण होते. परंतु 'फ्रेंड' या नामापासून झालेले 'फ्रेंडली' हे विशेषणच होय.

प्रत्ययाने अर्थाची छटाही पालटते. 'चाइल्डिश' म्हणजे पोरकट, 'चाइल्डलाइक' म्हणजे बालसुलभ. पहिल्यात दूषण, दुसऱ्यात कौतुक. तसेच, नियम सर्वत्र चालत नाही. लाकडी पेटी 'वुडन बॉक्स' होते. पण दगडी भिंत 'स्टोन वॉल'च राहते. 'स्टोनी' हे खडकाळ रानास शोभते.

एक अनुभव सांगतो. मी नवशिका शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने 'समर'पासून 'समरी', म्हणजे उन्हाळी, असा शब्द बनविला. मी लाल शाईने काट मारली. सायंकाळी शब्दकोश उघडला, तो शब्द त्यात होता! दुसऱ्या दिवशी वर्गापुढे चूक कबूल केली. तथापि त्या मुलाने पुढे कित्येक दिवस एकही नवा शब्द आपण होऊन लिहिला नाही.

म्हणून विनंती अशी की, शाळेच्या वाटेवर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मुलांकडून घ्यावी. त्यांची आधी मराठी, मग इंग्रजी विशेषणे करवावी व सर्वांनी मिळून ती कोशात पाहावी. शब्द न सापडल्यास, "तुझा नियम बरोबर आहे, मात्र इंग्रजीत असा प्रघात नाही," असे सांगावे. काट मारण्यापूर्वी कोश उघडावा, एवढेच सांगून आपली रजा घेतो.