रुसलेल्या इंजिनाची चौकशी

(मंडळाच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्या पिकअपचे इंजिन सुरू का होत नाही, हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी कुजबुज सूचना फलकावर लागल्यापासून आमच्या कानी येत आहे. त्यातून आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि नोकरीची सारी वर्षे केंद्र सरकारच्या फायलींत गेलेली. समोर मात्र विमान कारखान्यातून निवृत्त झालेली मंडळी बसली आहेत. तेव्हा आमचे बोलणे अधिकारवाणीचे नाही; ते एका जुन्या डिझेल पिकअपच्या सहवासातून आलेले आहे. मंडळाची गणेशमूर्ती, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि घरे बदलताना कित्येक सभासदांची कपाटे या पिकअपनेच वाहिली. तो कोणत्या कंपनीचा, हे आम्ही सांगणार नाही. वीस वर्षांपलीकडच्या यंत्राचे रुसवेफुगवे कारखानदाराच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

हा विषय बंगळूरला मात्र परका नाही. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली येथे विमानांचा कारखाना उभारला. त्यांची प्रीमियर ही मोटारींची कंपनी १९४४ साली निघाली ती मात्र मुंबईत. १९५१ साली स्थापन झालेल्या मायको कंपनीने येथील आडुगोडीच्या कारखान्यातून स्पार्क प्लग आणि डिझेलचे पंप देशभर पुरवले. २००८ साली कंपनीचे नाव बॉश झाले, तरी जुने मिस्त्री त्या पंपाला अजून ‘मायको पंप’च म्हणतात. जे. सी. रोड आणि कलासिपाळ्य येथे फिरले तर जुन्या गाडीचा बहुतेक प्रत्येक सुटा भाग मिळतो. आणि आमच्या मते अडचण नेमकी तेथेच आहे. भाग सहज मिळतात म्हणून निदान होण्यापूर्वीच ते बदलले जातात. बॅटरी बदलली, सेल्फ बदलला, नोझल बदलले, आणि गाडी जेथल्या तेथे.

कार्यालयात एखादी फाइल सापडेनाशी झाली, तर आम्ही सर्व कपाटे उपसत नाही. ती शेवटी कोणत्या टेबलावर होती, हे विचारतो. इंजिनाच्या बाबतीत हाच प्रश्न असा होतो: ते फिरतच नाही, की फिरते पण पेटत नाही, की पेटून मग बंद पडते? या तिन्हींची कुळे निराळी आहेत.

इंजिन फिरतच नसेल, तर डिझेलचा विचारही करू नये. पुढचे दिवे लावावेत आणि किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरा-हिरवट क्षार साचला आहे. दिवे तसेच तेजस्वी राहिले आणि केवळ ‘टक्’ असा आवाज आला किंवा तोही आला नाही, तर दोष सेल्फमध्ये, त्याच्या सोलेनॉइडमध्ये किंवा किल्लीपासून येणाऱ्या तारेत. पूर्ण भरलेल्या बॅटरीचा दाब विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असतो; सेल्फ मारताना तो साडेनऊच्या खाली जाऊ लागला, तर तिची तपासणी करून घ्यावी. आणखी एका उपेक्षिताकडे लक्ष द्यावे. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली, तर नवी कोरी बॅटरीही हतबल होते.

आता इंजिन फिरते पण पेटत नाही, या प्रकाराकडे वळू. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली यशस्वी करून दाखवलेल्या इंजिनात ती नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते (जुन्या पिकअपमध्ये मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत) की ती ५०० अंशांच्या पलीकडे तापते आणि फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. आपले शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर असल्याने येथील हवाच दहा टक्क्यांच्या आसपास विरळ. त्यात डिसेंबरची पहाट आणि झिजलेले इंजिन! अशा वेळी हीटर प्लग ही थंड इंजिनाची शेगडी असते. चारपैकी दोन जळले, तरी दुपारी गाडी सुरू होईल, पहाटे होणार नाही.

दोष कोठे आहे हे धूर सांगतो. सेल्फ मारताना धुराड्यातून धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल इंजिनापर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. हीटर प्लग तपासावेत.

येथे एक हकिगत सांगणे भाग आहे, कारण तिच्यामुळेच आम्ही हा विषय घेतला. आपल्यापैकीच एका कुटुंबातील तरुण यशवंतपूरच्या बाजार आवारातून महाराष्ट्रातून आलेला कांदा जुन्या पिकअपने दुकानांना पोचवतो. पहाटे गाडी निघाली नाही, तर त्या दिवसाचे भाडे दुसऱ्याला जाते. त्याची गाडी महिनाभर पहाटे हटून बसत असे. वीस-पंचवीस वेळा सेल्फ मारल्यावर एकदाची सुरू होई, आणि मग दिवसभर तक्रार नसे. एका गॅरेजने सांगितले, इंजिन उतरवावे लागेल, रिंग-पिस्टन गेले. खर्चाचा आकडा ऐकून त्याच्या मातोश्रींनी हातातील पाटल्या काढून ठेवल्या.

आम्ही त्याला एवढेच विचारले, “अरे, पहाटे सेल्फ मारताना धूर येतो का?” तो म्हणाला, “नाही काका, सुरू होईपर्यंत अजिबात नाही.” रिंग-पिस्टन गेले असते, तर न पेटलेल्या डिझेलचा पांढरा धूर आला असता. मग त्या रात्री स्वच्छ डिझेलचा एक डबा फिल्टरपेक्षा उंच जागी टांगला, टाकीकडून येणारी नळी फिल्टरपाशी सोडवून तेथे डब्याची नळी जोडली आणि एअर काढली. पहाटे दुसऱ्या प्रयत्नाला गाडी सुरू झाली. इंजिन, मायको पंप आणि नोझल असे सारे निर्दोष ठरले. आरोपी टाकी आणि फिल्टर यांच्यामध्ये होता. एक रबरी नळी क्लॅम्पखाली बारीक चिरली होती.

एवढे दिवस ती कोणाला का दिसली नाही? कारण तेथून डिझेल ठिबकत नव्हते. त्या नळीतून डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरते, आणि पहाटे पंपाच्या वाट्याला हवा येते. गाडी सुरू झाली की ओढ इतकी असते की थोडी हवा पचून जाते. नळी आणि दोन क्लॅम्प यांचा खर्च दोनशे रुपयांच्या आतला. पाटल्या पुन्हा हातात गेल्या.

एअर काढणे म्हणजे फिल्टरवरील स्क्रू सैल करून हातपंप मारणे. प्रथम फेस येतो, मग बुडबुड्यांविना डिझेल येऊ लागते, तेव्हा स्क्रू आवळावा. मात्र कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांच्या नटांना हात लावू नये. त्यांत हजार बारहून अधिक दाब असतो, आणि तो फवारा कातडीतून आत शिरतो. तसेच हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारणे हा अघोरी उपाय होय. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टन फुटू शकतो. पुष्कळ मिस्त्री तो मारतात. आम्ही कदापि मारू देत नाही.

पेटून बंद पडणाऱ्या गाडीविषयी थोडक्यात. डिझेल फिल्टर तुंबला असेल किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल. झाकण सैल करून गाडी नीट चालली, तर दोष सापडलाच. चढावर काळा धूर येत असेल, तर प्रथम एअर फिल्टर पाहावा. सिल्क बोर्डच्या धुळीत तो फार लवकर भरतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तेव्हा मात्र मिस्त्री रिंगचे नाव काढील ते खोटे नसेल. तरीही इंजिन उतरवण्यापूर्वी चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मापून आकडे कागदावर मागावेत. लेखी मागितले की अंदाज पुष्कळ सौम्य होतात, हा आमचा कचेरीतील अनुभव येथेही खरा ठरला.

जुनी गाडी ठेवावी की मोडीत काढावी, हा प्रश्न निराळा. केंद्र सरकारने पंधरा वर्षांवरील आपल्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द केली. खासगी मालवाहू गाडीला मात्र आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेसचा दाखला घ्यावा लागतो, आणि धुराची परीक्षाही द्यावी लागते. त्यात ती उतरत नसेल, तर तिच्यावर माया करण्यात अर्थ नाही. उतरत असेल, तर दोनशे रुपयांच्या नळीसाठी तिला भंगारात घालू नये.

आमचा पिकअप सभागृहाच्या मागे उभा आहे. एअर कशी काढतात, हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी चहानंतर तेथे यावे. पांढरे कपडे घातलेल्यांनी दोन हात लांब उभे राहावे.