सोंग आणि श्रद्धा

मेजाभोंवतीं बसून एकानें योद्धा व्हावें, दुसऱ्यानें जादूगार, तिसऱ्यानें पुरोहित, आणि फांसे टाकीत कथा पुढें न्यावी, असा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत निघाला. अमरावती-अकोल्याच्या आम्हां ख्रिस्ती घरांत मुलानें तो मागितला, तर आईबापांनीं काय म्हणावें?

१९८३ सालीं पॅट्रिशिया पुलिंग या बाईंनीं पुत्राच्या आत्महत्येचा दोष या खेळास देऊन त्याविरुद्ध संघटना काढली. ‘अनुवाद’ पुस्तकाच्या १८ व्या अध्यायांत जादूटोण्यास मनाई आहे, हा अशा विरोधकांचा आधार. त्या मातेचा शोक खरा. अनुमान मात्र मला पटत नाहीं. दंडारींत राक्षस झालेला गडी सकाळीं औत धरतोच, आणि नाताळच्या नाटकांत कोणाला तरी हेरोद व्हावेंच लागतें. (बहुधा वर्गांतला सर्वांत सालस मुलगाच तें काम पटकावतो!)

माझी अडचण निराळी आहे. खेळांतला पुरोहित कल्पित देवांची प्रार्थना करून बळ मिळवितो. जादूचें सोंग मी चालवून घेईन. प्रार्थनेचें सोंग मला जड जातें. येथें पौलानें रोमकरांस खाण्यापिण्याच्या वादांत दिलेला निर्णय लावावा: ज्याचें मन अडखळतें त्यानें तें करूं नये, आणि इतरांनीं त्यास तुच्छ लेखूं नये. अशा मुलानें खुशाल योद्धा व्हावें.