‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोनवर मला विषय दिला होता, ‘माझे परदेशातले अनुभव’. मी म्हटलं, तो नको. बर्फ, ट्यूलिपची शेतं आणि आयफेल टॉवर आता सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेत, काहींनी तर तिथं जाऊन पाहिलेत. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आपल्याकडे कुणीही कुणालाही ऐकवतं. मी दोन्हीकडे राहिले, त्यामुळे दोन्हींबद्दल अधिकाराने बोलू शकेन, पण तेही राहू द्या. मी आज एका वाक्याबद्दल बोलणार आहे. आम्ही जर्मनीतून नेदरलँड्सला बिऱ्हाड हलवलं, त्यानंतर ते वाक्य आमच्या टीव्हीवर आलं : ‘हा कार्यक्रम तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही.’

म्युनिकहून आइंडहोव्हन साधारण सातशे किलोमीटर. सामानाच्या ट्रकात कुकर, पोळपाट, पुरणयंत्र, पुस्तकांची सोळा खोकी. सीमेवर ट्रक थांबलासुद्धा नाही. तिथं एक निळी पाटी असते, बारा चांदण्यांची, ती मागे गेली की देश बदलला. सगळं सामान पोचलं, एक कपही फुटला नाही. माझी मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. संध्याकाळी अर्धा तास ती मराठी कार्यक्रम बघायची. त्यासाठी आम्ही एका कंपनीचे पैसे वर्षाचे वर्ष भरत होतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या बाबतीत सगळ्या सारख्याच. नव्या घरात पाच महिने ते सगळं सुरळीत चाललं. मग वर्गणीची मुदत संपली, आम्ही नव्या डच बँकेच्या कार्डावरून पैसे भरले, आणि त्याच रात्री अर्धी यादी गायब झाली. ‘खरेदी करा’ असं लिहिलेलं बटण दाबून घेतलेले काही सिनेमेही एका दुकानाच्या जुन्या जर्मन खात्यातच राहिले. मुलीने विचारलं, “आई, आपण ते जर्मनीत विसरून आलो का?”

हे रडगाणं वाटेल. पोटभर खाणाऱ्यांचं दुःख म्हणा हवं तर. पण त्या मुलीला शाळेत डच, जुन्या मैत्रिणींशी जर्मन आणि शेजाऱ्यांशी इंग्रजी बोलावं लागतं. आम्हा दोघांना सोडलं, तर रोज मराठी बोलणारी माणसं तिच्या जगात फक्त त्या पडद्यावर होती. ‘अगं बाई’ कधी म्हणायचं आणि ‘अरे देवा’ कधी, हे ती तिथून शिकली होती. आई-बाबा बोलतात ती घरातली भाषा आणि बाकी लोकही बोलतात ती भाषा यात मुलं फरक करतात. दुसरी गेली की पहिलीला ती उत्तरं देतात, पण डचमध्ये.

माझा धंदाच सॉफ्टवेअरचा, म्हणून मी खोलात गेले. पहिली गोष्ट कळली ती अशी की युरोपात पैसा एक आहे, सीमा जवळजवळ उघड्या आहेत, पण कॉपीराइट अजून देशादेशाचा वेगळा आहे. सिनेमाचे हक्क देशवार विकले जातात. जर्मनीपुरते घेणाऱ्याने नेदरलँड्समध्ये दाखवायचं नसतं.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. हिंदी सिनेमाच्या धंद्यात भारताचे विभाग अजून जुन्या नावांनी ओळखले जातात : बॉम्बे, सीपी-बेरार, म्हैसूर वगैरे. एकट्या महाराष्ट्राचे तीन तुकडे होतात. विदर्भ सीपी-बेरारमध्ये, मुंबई-पुणे बॉम्बेत, आणि आपला मराठवाडा तेलंगणाबरोबर ‘निजाम’मध्ये. हो, निजाम! संस्थान १९४८ साली संपलं, वितरकांच्या वहीत ते अजून आहे. एकच सिनेमा पुण्यासाठी एकाने घ्यायचा आणि परभणीसाठी दुसऱ्याने, ही पद्धत आपल्या टॉकीजमध्ये बसून आपण सगळ्यांनी अनुभवली आहे, फक्त तिचं नाव माहीत नव्हतं. इंटरनेटने हीच वही उचलून जगभर लावली.

मशीनला आपण कुठं बसलोय हे कळतं कसं, असं कालच एका मैत्रिणीने विचारलं. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. हे पत्ते खंडवार वाटले जातात, युरोपचे ॲमस्टरडॅममधल्या संस्थेकडून, आशिया-पॅसिफिकचे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमधून. कोणता गठ्ठा कोणत्या देशात गेला याच्या याद्या मिळतात. शिवाय कार्ड कोणत्या देशातल्या बँकेचं, ॲपचं दुकान कोणत्या देशाचं, हेही पाहतात. यात एक गंमत आहे. परदेशात तुम्ही भारतातल्या सिमकार्डावर रोमिंगचा डेटा वापरलात, तर तो बहुतेक वेळा फिरून भारतातल्या कंपनीतूनच बाहेर पडतो. म्हणजे मुलाकडे आलेले आजोबा आपल्या मोबाइलवर मालिका बघतात, आणि त्याच सोफ्यावर घरच्या वायफायवर बसलेल्या नातीला ती दिसत नाही.

आता युरोपने यावर काय केलं? १ एप्रिल २०१८ पासून तिथं एक नियम लागू झाला, क्रमांक २०१७/११२८. पैसे भरून घेतलेली सेवा तुम्ही युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरते गेलात तरी तशीच मिळाली पाहिजे. सुट्टीला गेलात, कामाला गेलात, शिकायला गेलात, तरी घरची यादी तुमच्याबरोबर येणार. फुकट सेवांना हे ऐच्छिक आहे. चांगला नियम आहे. यातला ‘तात्पुरते’ हा शब्द मात्र नीट वाचावा लागतो. कंपनीने तुमचं राहण्याचं ठिकाण वर्गणी घेताना आणि नूतनीकरण करताना तपासायचं असतं. आमचे पाच महिने कुठून आले आणि कुठं गेले, ते इथं समजलं. प्रवाशाची सोय झाली, बिऱ्हाड हलवणाऱ्याची नाही. ब्रिटनमधल्या लोकांना तर १ जानेवारी २०२१ पासून प्रवाशाची सोयही उरली नाही, कारण तो देश संघातून बाहेर पडला. त्याच २०१८ सालच्या डिसेंबरात दुसरा एक नियम आला, ग्राहकाचा देश पाहून दुकानांनी त्याला अडवू नये असा. बूट, फ्रिज, हॉटेलची खोली यांना तो लागू आहे. सिनेमे आणि मालिका त्यातून मुद्दाम वगळल्या.

याच्या आधीची एक गोष्ट मला फार आवडते. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला कॅरेन मर्फी नावाच्या बाई पब चालवायच्या. फुटबॉलचे सामने दाखवायला इंग्लिश वाहिनीचे दर परवडेनात, म्हणून त्यांनी ग्रीसमधल्या सेवेचं कार्ड आणून लावलं. पैसे भरून घेतलेलं कार्ड, चोरीचं नव्हे. खटला झाला, दंड झाला. बाई थांबल्या नाहीत, प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं. ४ ऑक्टोबर २०११ ला निकाल लागला. दुसऱ्या सदस्य देशातलं कार्ड वापरायला बंदी घालणारा कायदा संघाच्या मुक्त सेवांच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असं न्यायालयाने सांगितलं. पण त्याच निकालात असंही होतं की सामना म्हणजे काही साहित्यकृती नव्हे, मात्र सुरुवातीचं गीत आणि पडद्यावरची चिन्हं यांवर कॉपीराइट आहे, आणि पबमध्ये ती दाखवायला परवानगी लागते. बाईंची शिक्षा पुढे इंग्लंडमध्ये रद्द झाली. वाटून विकणं काही थांबलं नाही.

दुसरी बाजू सांगायला हवी, नाहीतर सर म्हणतील की वादविवाद स्पर्धेतली सवय गेली नाही. लहान निर्माते सिनेमा पुरा होण्याआधीच एकेका देशाचे हक्क विकून पैसा उभा करतात. उद्या सक्ती केली की एकदा विकलं म्हणजे सगळीकडे विकलं, तर सबंध जगाचा दाम मोजू शकणाऱ्या दोन-चार बड्या कंपन्याच गिऱ्हाईक उरतील. युरोपातले चित्रपटकार हे मोठ्याने सांगतात, आणि मला ते पटतं. मराठीची अडचण वेगळी आहे. नेदरलँड्समध्ये मराठी सिनेमाचे हक्क दुसऱ्या कुणी घेतले आणि म्हणून आम्हाला अडवलं, असं झालेलं नसतं. बऱ्याचदा कुणी घेतलेलेच नसतात. ज्या खोलीत कुणीच राहत नाही, तिला कुलूप आणि वर पाटी. नवं, मोठं, गाजलेलं एखादं येतं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला, तो आम्ही घरात बसून पाहिला. पण मुलांचे कार्यक्रम, जुने सिनेमे, लोकगीतं? त्यांच्यासाठी महाराष्ट्र मंडळ हॉल भाड्याने घेतं, कुणाकडून तरी परवानगी मिळवतं आणि वर्षातून एकदा खेळ लावतं. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे. सिनेमा बघायला एका गावात जमायचं, हे आम्ही आजही करतो.

व्हीपीएन का वापरत नाही, हा प्रश्न नंतर जेवताना येणारच, म्हणून इथंच सांगते. त्याने पत्ता भारतातला दिसतो. बहुतेक कंपन्यांच्या अटींत ते बसत नाही, त्या असे पत्ते ओळखून बंदही करतात, आणि आज चालतं ते उद्या चालेलच असं नाही. मुख्य म्हणजे आपण पैसे भरायला तयार असताना खिडकीतून का शिरायचं? मला दार हवंय.

आपल्या सरांच्या पिढीला हे सगळं हसू येण्यासारखं वाटत असेल. १९५२ साली बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ, माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावलं. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ समुद्रापलीकडून घराघरांत आली. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. लघुलहरीला तुमचं कार्ड कोणत्या बँकेचं, हे विचारता येत नव्हतं. ते विचारता येण्याची सोय माझ्यासारख्या इंजिनिअरांनी केली, हेही खरं.

आता तुमच्याशी याचा संबंध. आपल्या तुकडीत गाणारे आहेत, लिहिणारे आहेत, दोघांची मुलं लघुपट करतात. गंगाखेड-पालमकडची एखादी ओवी, एखादं भारूड रेकॉर्ड होतं, कंपनीचा माणूस करार पुढे ठेवतो, आपण शेवटच्या पानावर सही करतो. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ एकदा वाचा. हक्क लिहून देताना प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता धरतात. मुदत लिहिली नसेल, तर पाच वर्षं. घेणाऱ्याने एक वर्षात तो हक्क वापरला नाही, तर तेवढा हक्क संपला असं मानतात, मात्र करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. छापील करारात ते ‘वेगळं’ बहुधा लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा. ‘संपूर्ण विश्व, सर्व माध्यमे, कायमस्वरूपी’ असं असेल तर विचारा, की विश्व घेताय, पण विश्वात दाखवणार कधी? दाखवणार नसाल तर भारत तुमचा, बाकीचं माझ्याकडे राहू द्या. ते गाणं मग तुम्ही स्वतः सगळीकडे खुलं ठेवू शकता. वकील मी नाही. सही करण्याआधी वकिलाला दाखवाच, आपल्या तुकडीतच दोन आहेत.

आमच्या घरी सध्या काय चाललंय, तेही सांगते. माझी आई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर नातीला एक गोष्ट सांगते. मी ती रेकॉर्ड करते. आता एकशे चाळीसच्या वर झाल्या आहेत. काहींत मागे गल्लीतला भाजीवाला ओरडतो, एकीत वीज गेली म्हणून अर्धी गोष्ट अंधारात आहे. मुलीला तीच जास्त आवडते. हे टीव्हीच्या बदल्यात पुरेसं आहे का? नाही. आजीच्या गोष्टीत एकच आवाज असतो. मुलीला भांडणारी, चिडवणारी, तिच्या वयाची मराठी पोरं ऐकायची असतात.

म्हणून एक विनंती. आपल्या गॅदरिंगच्या व्हिडिओ कॅसेट कुणाकुणाच्या कपाटात पडून आहेत, हे मला दोघा-तिघांनी सांगितलंय. नाटकुली आहेत, वक्तृत्व आहे, मधल्या सुट्टीतला गोंधळ आहे. त्या टेप आता फार दिवस टिकणार नाहीत. मी त्या डिजिटल करून सगळ्यांना प्रत देईन. सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच मात्र यूट्यूबवर टाकता येतीलच असं नाही, गाण्याचा मालक ते एखाद्या देशात बंद करू शकतो. जर्मनीत २००९ पासून २०१६ पर्यंत यूट्यूब आणि तिथली संगीत हक्कांची संस्था गेमा यांचं भांडण चालू होतं, तेव्हा हजारो गाणी नुसती काळी चौकट दाखवायची. तेव्हा नाच पेनड्राइव्हवर, बाकीचं ऑनलाइन. मी रविवारी दुपारपर्यंत परभणीतच आहे. कॅसेटवर नाव आणि साल लिहून द्या, आणि कुणाकडे अजून चालू असलेला व्हीसीआर असेल तर तोही आणा.