वाटीतली पालेभाजी

पालेभाजी आपण मंडईतून जुडीने आणतो, पाककृतीच्या पुस्तकात ती ग्रॅमने लिहिलेली असते, आणि पानात वाढतो ती मात्र वाटीने किंवा डावाने. एकाच भाजीची ही तीन मापे. त्यांचा मेळ बसला नाही तर कधी भाजी खारट होते आणि कधी घरात कुणाला तरी ती पुरत नाही.

तांदळाच्या वाटीत आणि पाल्याच्या वाटीत मोठा फरक आहे. पानापानांमध्ये हवा असते, त्यामुळे पाला फुगून बसतो. पालकाचेच उदाहरण घेऊ. २०० मिलिलिटर पाणी मावणारी वाटी निवडलेल्या कच्च्या पालकाने हलक्या हाताने भरली, तर तिच्यात जेमतेम २५ ग्रॅम पाला मावतो. तीच वाटी शिजवून निथळलेल्या पालकाने भरली, तर वजन १५० ग्रॅमच्या आसपास जाते. वाटी तीच, भाजी तीच आणि वजन सहापट! पालकात शंभर भागांत नव्वदांहून अधिक भाग पाणीच असते. आच लागली की पाने मऊ पडतात, हवा निघून जाते, थोडे पाणी सुटते आणि पातेलेभर पाला तळाला जाऊन बसतो.

म्हणून मीठ पाल्याच्या ढिगाकडे पाहून घालू नये. भाजी बसली की मग घालावे.

पण खरा प्रश्न मिठाचा नाही, वाट्याचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०११ साली काढलेल्या आहारमार्गदर्शिकेत, गरोदर स्त्रीने रोज १०० ग्रॅम पालेभाजी खावी असे सांगितले आहे. हे वजन निवडलेल्या, कच्च्या भाजीचे. पालकाच्या हिशेबाने कच्च्या चार हलक्या वाट्या. शिजल्यावर साधारण अर्धी वाटी. पुष्कळ घरांत होते काय, की पातेले भरलेले दिसते, म्हणून एक जुडी सगळ्यांना पुरेल असे वाटते. मंडळी जेवून उठतात, आणि शेवटी बसणाऱ्या सुनेसाठी चमचाभर भाजी उरते. तेव्हा तिची अर्धी वाटी आधी बाजूला काढून झाकून ठेवावी, हे उत्तम.

मेथी, चुका, शेपू, चवळई यांचे माप पालकासारखेच भरेल असे नाही. चिरून किंवा दाबून भरलेल्या वाटीचे वजनही वाढते. यासाठी एकदाच थोडी खटपट करा. भाजी निवडा, धुऊन चांगली निथळू द्या, कारण पानांवरचे पाणीही वजनात धरले जाते. मग १०० ग्रॅम तोलून घ्या. कच्ची किती वाट्या भरली आणि शिजून किती झाली, ते पाककृतीच्या वहीत टिपून ठेवा.

आजीच्या वहीत 'पावशेर मेथी' असेल तर, ८० तोळ्यांच्या शेराने, ती सुमारे २३३ ग्रॅम समजावी. १९५८ पासून आपल्याकडे दशमान वजने येऊ लागली, तरी ही जुनी मापे वह्यांतून राहिलीच आहेत.

थोडक्यात, पाला कच्चा असताना तोलावा, वाटीने मोजायचा तर कच्चा की शिजलेला ते आधी ठरवावे, आणि वाढताना ज्याला त्याची अधिक गरज, त्याचे पान पहिले धरावे.