सतरा मिनिटांनी थांबणारी लाट
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'तंत्रज्ञान आणि आपण' असा भारदस्त विषय दिला होता. तो मी बाजूला ठेवते. मला बारा टॅबलेटबद्दल बोलायचं आहे. आपण वर्गणी काढून शाळेला दिले ते. म्हणजे भाषणापेक्षा हा कबुलीजबाबच समजा.

टॅबलेट खरेदी केले आपल्या एका मित्राने. नाव घेत नाही, घेतलं तर तो चिडेल, आणि तुम्हाला माहीतच आहे. चार दुकानं फिरून, घासाघीस करून त्याने आणले. माझ्या वाट्याला आलं त्यावर चालणारं विज्ञानाचं एक पान. नववीला ध्वनीचा धडा आहे. त्यासाठी मी ब्राउझरमध्ये उघडणारी एक हलती लाट केली. एक पट्टी सरकवली की आयाम वाढतो, दुसरी सरकवली की वारंवारता. माझ्या लॅपटॉपवर ती इतकी सुरेख चालायची की मी ऑफिसातल्या लोकांनाही दाखवली.

पंधरा दिवसांत शाळेतून बाईंचा फोन आला. लाट सुरुवातीला नीट चालते, मग अडखळते आणि शेवटी चक्क थांबते. बंद करून चालू केलं की बरी होते.

बंद करून चालू केल्यावर बरं होणारं दुखणं फार फसवं असतं. मी पुण्यातून फोनवर एकेक उपाय सांगत गेले. ब्राउझर अद्ययावत करा. साठवलेला डेटा पुसा. दुसरा ब्राउझर टाकून बघा. प्रत्येक वेळी टॅबलेट पुन्हा सुरू व्हायचा, लाट झुळझुळ वाहायची, बाई म्हणायच्या "झालं बरं का!" आणि आम्ही फोन ठेवायचो. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ आम्ही दोघींनी ती लाट कधी पाहिलीच नाही.

मग मी त्यांना टॅबलेटवरच स्क्रीन रेकॉर्डिंग करून पाठवायला सांगितलं. ही युक्ती तुम्हीही लक्षात ठेवा. पडद्यावर काही विचित्र दिसलं तर आधी स्क्रीनशॉट घ्यायचा आणि तो दुसऱ्या यंत्रावर बघायचा. दोष तिथेही दिसला तर काच, पडदा, आतली पट्टी हे सगळं निर्दोष, कारण चित्र पडद्यापर्यंत जायच्या आधीच बिघडलेलं आहे. नाही दिसला तर पडदा संशयित. आमच्या रेकॉर्डिंगमध्ये लाट थांबलेली स्पष्ट दिसत होती. म्हणजे पडदा चांगला होता. मला तिथेच थबकायला हवं होतं. पण डोक्यात एकच बसलं होतं, टॅबलेट तापत असणार. चिप तापली की ती स्वतःचा वेग कमी करते, हे खरंच आहे. बाईंनी बिचाऱ्यांनी पंखा लावून पाहिला. एका मुलाने ओला रुमाल सुचवला, तो बाईंनी वेळीच थांबवला.

आणि मग मी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "स्वस्तातला माल घेतला की असंच व्हायचं." पुढे काय झालं ते तुम्ही वाचलं आहे. कोणी 'चायना माल' म्हणालं, कोणी हसण्याच्या खुणा टाकल्या, कोणी कमिशनचा विनोद केला. त्याने एकच ओळ लिहिली : बाराही टॅबलेट मी माझ्या पैशाने बदलून देतो. आणि ग्रुप सोडला.

दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेत गेले. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपरसाठीचं दार उघडतं; मग केबलने लॅपटॉप जोडून आत काय चाललंय ते बघता येतं. सगळी तयारी करून बसले होते. तेवढ्यात बाईंनी एक वही पुढे केली. नववीतल्या एका मुलीची. बाईंनी वर्गालाच काम लावलं होतं : कधी काय होतं, घड्याळ लावून लिहा.

तिने लिहिलं होतं : 'वारंवारता १. सव्वाचार मिनिटांनी लाट सेकंदात चार उड्या मारते. साडेआठ मिनिटांनी नुसती उलट-सुलट होते. १७ मिनिटांनी थांबते. वारंवारता २ ठेवली तर साडेआठलाच थांबते.' खाली कंसात : 'टॅबलेट गरमच होता, पण पान पुन्हा उघडल्यावर लाट लगेच नीट चालली. म्हणून उष्णता हे कारण नाही.'

सव्वाचार, साडेआठ, सतरा. प्रत्येक वेळी दुप्पट. तापणारी वस्तू असं नेमकं दुपटीचं वेळापत्रक पाळत नाही. १७ मिनिटं म्हणजे १०२० सेकंद. आमच्या धंद्यातल्या माणसाला १०२०च्या शेजारचा १०२४ दिसला नाही तर त्याने पदवी परत करावी. मी केबल काढून ठेवली, कारण चूक कोणत्या ओळीत आहे ते मला समजलं होतं. ती ओळ माझी होती.

आता थोडं गणित, घाबरू नका. समजा सरांनी सांगितलं, उत्तर कितीही मोठं असो, चारच आकडे लिहायचे. ३.१४२ लिहिता येईल, ३१.४२ पण येईल. पण १२३४ झालं की दशांशाला जागाच उरली नाही. चित्र काढणाऱ्या चिपला आपण सांगू शकतो की हिशेब पूर्ण अचूकतेने कर किंवा मध्यम अचूकतेने. मी 'मध्यम' लिहिलं होतं. खरं सांगायचं तर विचार करून लिहिलं नव्हतं; ती ओळ जिथे-तिथे पहिली असते, म्हणून मीही उतरवली. आणि पान उघडल्यापासून किती सेकंद झाले, तो आकडा थेट त्या चिपकडे पाठवत होते. मध्यम म्हणजे तिथे १६ बिट. त्यात २५६ सेकंदांनंतर पाव सेकंदापेक्षा बारीक काळ मांडताच येत नाही. ५१२ नंतर अर्धा. १०२४ नंतर पूर्ण सेकंद. आणि सेकंदाला एकदा हलणारी लाट तुम्ही बरोबर सेकंदा-सेकंदाने पाहिलीत तर ती दर वेळी त्याच जागी दिसणार. म्हणजे थांबलेली.

मग लॅपटॉपवर का नाही झालं? तिथली चिप 'मध्यम' वाचते आणि तरीही ३२ बिटांनी पूर्ण हिशेब करते. तिला विजेची ददात नाही. टॅबलेटमधली एआरएम जातीची चिप काटकसरी घरातली. त्या घराण्याची पहिली चिप १९८५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला एकॉर्न कंपनीत तयार झाली. स्टीव्ह फर्बर आणि सोफी विल्सन ही तिच्यामागची दोन माणसं. पहिल्यांदा वीज मोजायला गेले तर मीटरवर शून्य. नंतर लक्षात आलं की चिपला वीज जोडलेलीच नव्हती. शेजारच्या सर्किटमधून झिरपणाऱ्या विजेवर ती चालली होती! अशा घराण्यातल्या यंत्राला तुम्ही 'मध्यम चालेल' म्हणालात, तर ते खरंच मध्यम करतं आणि बॅटरी वाचवतं. टॅबलेटने माझी आज्ञा पाळली. लॅपटॉप मात्र इतकी वर्षं माझी चूक पोटात घालत होता.

(जाता जाता : त्याच एकॉर्नचे बीबीसी मायक्रो संगणक ऐंशीच्या दशकात भारत सरकारच्या योजनेतून काही शाळांत आले होते. आपल्या शाळेत नाही. आपल्याकडे तेव्हा प्रयोगशाळेची किल्लीही मिळत नसे.)

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. सेकंदांतला पूर्ण लाटांचा भाग मी आधीच वजा करून टाकला आणि उरलेला अपूर्णांक तेवढा चिपकडे पाठवला. वर 'मध्यम'चं 'उच्च' केलं. मग आम्ही बाराही टॅबलेट बाकांवर मांडून पूर्ण ३५ मिनिटांचा तास बसून राहिलो. त्या मुलीने घड्याळ धरलं होतं. सतरावं मिनिट आलं तेव्हा बाईंसकट कोणी बोललं नाही. लाट चालत राहिली. एक मुलगा म्हणाला, "आता मजा गेली."

ग्रुपवर मी तेव्हा लिहिलं होतं की दोष माझ्या प्रोग्रॅममध्ये होता, टॅबलेटमध्ये नव्हता. त्याखाली दोन अंगठे आले आणि लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. ज्याच्यासाठी लिहिलं तो ग्रुपमध्ये नव्हताच. म्हणून आज माइकवर सांगते : टॅबलेट उत्तम आहेत, भाव चोख आहे आणि एकही बदलायचा नाही. ते वाक्य मी लिहिलं होतं, न तपासता.

तो आत्ता मागे मांडवात जेवणाची व्यवस्था बघतोय, शाळेच्या सहलीत बघायचा तशीच. कुणीतरी त्याला जरा आत बोलवा. जिलबी थांबेल पाच मिनिटं. मला हेच त्याच्यासमोर पुन्हा म्हणायचं आहे.