खाऱ्या व गोड्या पाण्यात माशाचे मूत्रपिंड
(सांगवी येथे प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेले भाषण)



सांगवीच्या एका अंगास पवना, तर दुसऱ्या अंगास मुळा वाहते. येथल्या मुलांना नदीतला मासा ठाऊक असतो आणि बाजारातली सुरमईही. त्यामुळे "समुद्रातला मासा नदीत जगेल का?" हा प्रश्न वर्गात निघतोच. "त्याला सवय नसते," असे सांगून पुष्कळदा वेळ मारून नेली जाते. ते काही उत्तर नव्हे.

बटाट्याच्या दोन चकत्या घ्याव्या. एक साध्या पाण्यात व दुसरी मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवावी. पहिली ताठ होते, दुसरी मऊ पडते. पातळ पडद्यातून पाणी अधिक क्षारांकडे ओढले जाते, एवढाच ह्याचा अर्थ. बहुतेक काटेरी माशांच्या रक्तात समुद्राच्या मानाने सुमारे एकतृतीयांश क्षार असतात. म्हणून नदीतल्या माशाच्या अंगात पाणी सारखे शिरते आणि समुद्रातल्या माशाच्या अंगातून ते सारखे निघून जाते. भोवती अथांग पाणी असून हा तहानलेलाच!

नदीतल्या माशाचे मूत्रपिंड पुष्कळ व पातळ मूत्र तयार करते आणि उपयोगी क्षार परत शोषून घेते. समुद्रातला मासा पाणी पितो व मूत्र अगदी थोडे टाकतो. मग जादा मीठ मूत्रावाटे जात असेल, असे सहज वाटते. परंतु माशाच्या मूत्रपिंडास रक्ताहून खारट मूत्र करता येत नाही. होमर स्मिथ ह्यांनी १९३० साली दाखविले की, मूत्रपिंड मुख्यतः मॅग्नेशियम व सल्फेट बाहेर टाकते. मिठाचा भार कल्ल्यांवर असतो.

दोन्ही पाण्यांत वावरणारा मासा आपल्याकडेही आहे. रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागकडे खाडीतील जिताड्याची पिल्ले गोड्या पाण्याच्या तळ्यांत वाढवितात. अशा कित्येक माशांच्या मूत्रपिंडात रक्त गाळणारे सूक्ष्म केशिकागुच्छ असतात; खाऱ्या पाण्यात त्यांपैकी बरेच काम थांबवितात, गोड्या पाण्यात पुन्हा सुरू करतात. कल्ल्यांतील पेशीही बदलतात. ह्या सर्व फेरबदलास काही दिवस लागतात. म्हणून पिल्लांचे पाणी हळूहळू बदलावे लागते. एकदम बदलल्यास ती दगावू शकतात. सुरमईस तर ही सोयच नाही.

वर्गात हा प्रयोग जिवंत माशावर करू नये. बटाटा पुरेसा आहे.